नकाशात नसलेलं घर

आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, तेव्हा आमच्या प्रभागाची जागा बाईसाठी राखीव निघाली. मी कपडे शिवणारी बाई. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत होती, त्यामुळे प्रत्येक घरात माझं जाणंयेणं होतं. एवढ्याच भांडवलावर लोकांनी मला उभं केलं आणि मी निवडून आले. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो, शनिवारी घरी येतो. निकाल फोनवर सांगितला तर तो म्हणाला, "बरं झालं. आता मशीन बंद नको पडू देऊ."

पहिल्या वर्षी कामं सोपी होती. बंद पडलेले पथदिवे, तुंबलेली नाली, दोन दोन दिवस न येणारं नळाचं पाणी. अर्ज लिहायचा, चार चकरा मारायच्या, एखाद्या संध्याकाळी दिवा लागायचा. लोक खुश, मीही खुश. हे काम आपल्याला जमतं असं मला वाटायला लागलं होतं.

मग सभागृहात विकास आराखड्याचा नकाशा लागला. भिंतभर कागद. पिवळा रंग वस्तीचा, निळा बाजाराचा, हिरवा बागेचा आणि जाड रेघा म्हणजे पुढच्या वीस वर्षांत व्हायचे रस्ते. मुख्याधिकारी साताऱ्याकडचे होते, वयानं तरुण, बोलणं स्वच्छ. त्यांनी काठी घेऊन सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, "आज आपण फक्त प्रसिद्धीला मान्यता देतोय. ज्यांना हरकत घ्यायची त्यांना महिनाभराची मुदत आहे."

सगळे सदस्य नकाशाजवळ गेले आणि जो तो आपापली जागा शोधू लागला. मीही शोधली. मारुतीच्या देवळावरून अंदाज घेत घेत आमची गल्ली सापडली, आमचं घर पिवळ्यात होतं. हायसं वाटलं आणि मी जागेवर येऊन बसले. शेजारी किराणा दुकानवाले सदस्य होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, हाथ उठाइए, सब उठा रहे हैं." मी हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि समोसे आले.

आठ-दहा दिवसांनी आमच्या गल्लीतले एक काका दारात येऊन उभे राहिले. सौंदड स्टेशनच्या लाइनवर गँगमन म्हणून त्यांची नोकरी झाली होती. रिटायर झाल्यावर त्यांचा एकच उद्योग, नगरपंचायतीच्या फलकावर लागलेला प्रत्येक कागद उभ्यानं वाचायचा. मी मशीनवर होते. ते म्हणाले, "बाई, तुमच्या वार्डातून बारा मीटरचा रस्ता जाऊन राहिला. माहीत हाय ना तुमाले?"

मी म्हटलं, "रस्ता तर चांगलाच आहे काका."

"चांगला हाय. पन मावशीच्या घरातून जाऊन राहिला."

मी पाय थांबवला. मावशी म्हणजे आमच्या प्रभागाच्या टोकाला राहणारी, मुरमुरे भाजणारी विधवा बाई. नात्यानं कोणाचीच मावशी नाही, पण सगळं गाव तिला मावशी म्हणतं. दोन खोल्यांचं स्लॅबचं घरकुल, मागे मातीची भट्टी आणि भट्टीजवळ धानाच्या कोंड्याचा ढीग. कोंड्याच्या जाळावर कढईत वाळू तापवायची, त्यात मिठाच्या पाण्यातले तांदूळ टाकायचे आणि फुलले की चाळणीनं वाळू गाळून काढायची. पहाटे चारला उठून ती हे करते. आठवडी बाजारात तिच्याकडचेच मुरमुरे असतात. त्या घरकुलासाठी तिनं कित्येक वर्षं वाट पाहिली होती. यादीत नाव यायचं आणि सरकायचं.

"बारा मीटर म्हणजे केवढं हो?" मी विचारलं.

"रेल्वेचा रूळ पाहिला ना? एक रूळ तेरा मीटरचा ऱ्हाते. त्याच्याहून एक मीटर कमी."

मी काकांबरोबर नगरपंचायतीत गेले. नकाशा आता बाहेर व्हरांड्यात लावला होता. काकांनी बोट ठेवलं. हायवेकडून येणारी रेघ सरळ पट्टी ठेवून ओढल्यासारखी आमच्या प्रभागातून पलीकडे निघत होती. मावशीचं घर जिथं हवं तिथं काहीच नव्हतं. मोकळी जागा आणि तिच्यावरून रस्ता. मी त्या जागेकडे बघत राहिले. या नकाशाला मी हात वर केला होता.

त्या दिवशी मी मावशीकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन ब्लाउज उसवून पुन्हा शिवले. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. ती भट्टीपाशी चाळणी घेऊन बसली होती. मी पाटावर बसून सगळं सांगितलं. नकाशा, रस्ता, घर, हरकतीची मुदत. ती चाळत राहिली. मग चाळणी खाली ठेवून तिनं विचारलं, "हे कोनं ठरवलं?"

"सभेनं."

"तू होती सभेत?"

"होते."

"तुनं हात वर केला?"

"केला."

"काऊन?"

मला खोटं बोलता आलं असतं. नकाशा कळला नाही म्हणाले असते तरी ते अर्धं खरंच होतं. मी म्हटलं, "सगळ्यांनी केला म्हणून."

ती उठली, आत गेली. मला वाटलं, आता जायला सांगेल. ती पाण्याचा गिलास घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मले लिवता येत नाई. हरकत का काय ते तुले लिवा लागन."

त्या क्षणी ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

नुसतं 'घर वाचवा' लिहून भागत नाही, हे काकांनी सांगितलं. "रस्ता हितून नाई तर कुठून, हे बी सांगा लागते. नाईतर साहेब म्हनते, मंग उडवत नेऊ का?" मग आम्ही दोघांनी जागा पाहायला सुरुवात केली. काकांकडे लोखंडी टेप होता. एक टोक ते धरत, दुसरं मी. लोक थांबून विचारत, "बाई, काय मोजून राहिल्या?" आणि काका सांगत, "तुमच्या नशिबातला रस्ता." तलाठ्याकडून गावाचा जुना नकाशा पाहायला मिळाला. त्यात मावशीच्या घरामागून एक पांदण जात होती, बैलगाड्यांची जुनी वाट. थोडं वळण घेऊन ती नेमकी त्याच ठिकाणी निघत होती, जिथं नवी रेघ निघत होती. पांदण सरकारचीच. कोणाचं घर पाडावं लागणार नव्हतं. फक्त ती अरुंद होती.

मी वहीत आकडे लिहीत पांदणीच्या मधोमध उभी होते. एका बाजूला पक्की घरं, मागच्या काही वर्षांत पांदणीतच पुढे सरकून आलेली. दुसऱ्या बाजूला वाडी. वांगी, वाल, शेवग्याची झाडं, कोपऱ्यात विहीर. काकांनी टेप गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रुंद झाली तर ह्याच बाजूले होईन."

ती वाडी माझ्या भासऱ्यांची होती. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. वाटणीत ती त्यांच्याकडे गेली होती, आमचा तिच्यात काही हिस्सा नव्हता. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घेते आणि त्यांच्याशी बोलत नाही. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती. या अठरा वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर जावेला सांगायचं, जाऊ त्यांना सांगायची. माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या बाळंतविड्यापासून शाळेच्या सायकलपर्यंत त्यांनी न मागता केलं होतं. मी निवडणुकीला उभी राहिले तेव्हा सगळ्यात आधी त्यांनीच चार घरी जाऊन शब्द टाकला होता.

शनिवारी नवरा आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दादा नाराज होईल."

"मग लिहू नको म्हणता?"

"तसं नाई म्हनून राहिलो. लिहायच्या आधी त्याले सांग. बाहेरून कळलं तर जास्त लागन."

दुसऱ्या दिवशी मी जावेकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी सांगितलं तसं तिचे हात थांबले. भासरे पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं, ते ऐकत होते हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

जाऊ म्हणाली, "तुही वाडी असती त लिवलं असतं का तुनं?"

  मी म्हटलं, "माहीत नाई."

आतून खाटेचा आवाज झाला आणि भासरे मागच्या दारानं बाहेर निघून गेले.

मी दोन अर्ज लिहिले. एक मावशीच्या नावानं, त्यावर तिनं अंगठा दिला. दुसरा माझ्या नावानं, पांदणीचा. त्याच आठवड्यात भासऱ्यांनीही हरकत दिली, की पांदण रुंद करू नये. आवक रजिस्टरला आमचे अर्ज एकाखाली एक होते. आडनाव एकच. आवक घेणाऱ्या बाबूनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सुनावणी दोन महिन्यांनी झाली. समितीत आमच्यातले तीन सदस्य आणि बाहेरचे चार जाणकार होते. त्यातले एक नगररचना खात्यातून निवृत्त झालेले, नागपूरहून आलेले, सत्तरीच्या घरातले साहेब. त्यांना ऐकायला कमी यायचं. कानात यंत्र होतं, तरी प्रत्येकाला ते म्हणायचे, "पुन्हा सांगा, मोठ्यानं सांगा." त्यामुळे त्या दिवशी जो तो आपलं गाऱ्हाणं दोनदा सांगत होता, आणि दुसऱ्यांदा सगळ्या सभागृहाला ऐकू जात होतं.

मावशीचं नाव पुकारलं. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती. टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "साहेब, माहं घर तुमच्या नकाशात नाईच."

"पुन्हा सांगा."

"माहं घर नकाशात नाई. जमिनीवर हाय."

सोबत आलेल्या तरुण नकाशावाल्यानं सांगितलं की मूळ नकाशा घरकुल बांधायच्या आधीच्या मोजणीवरून केलेला आहे, तेव्हा तिथं मातीचं जुनं घर पडलेलं होतं, म्हणून मोकळी जागा दाखवली. मावशीनं पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. घरकुलाचा हप्ता मिळायच्या वेळी नगरपंचायतीच्याच माणसानं काढलेला. दारापुढे ती उभी, मागे नवीन भिंत, खाली जागेच्या अक्षांश-रेखांशाचे आकडे छापलेले.

ती म्हणाली, "हा फोटू तुमच्याच हापिसात हाय. बाजूच्या खोलीत. चार वेळा मले उभं करून काढला."

म्हाताऱ्या साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मुख्याधिकाऱ्यांकडे दिला. मुख्याधिकाऱ्यांचे कान लाल झाले. ते उठून स्वतः बाजूच्या खोलीत गेले आणि फाइल घेऊन आले. त्या माणसाविषयी मला तेव्हा आदर वाटला. शिपायाला पाठवता आलं असतं.

मग माझं नाव. मागच्या बाकावर भासरे बसलेत हे मला दिसलं होतं. मी डोक्यावर पदर घेतला आणि उभी राहिले. सवयीनं आवाज बारीक निघाला.

"मोठ्यानं सांगा बाई."

मी मोठ्यानं सांगितलं. आराखड्याला हात मीच वर केला होता, तेव्हा मला नकाशा कळला नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं. रस्ता पांदणीवरून न्यावा. पांदण रुंद केली तर माझ्या भासऱ्यांची वाडी जाते, हेही समितीनं लिहून घ्यावं, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी लपवलं. हे शेवटचं साहेबांना ऐकू गेलं नाही. ते मला पुन्हा सांगावं लागलं. अठरा वर्षांत भासऱ्यांसमोर मी एवढं पहिल्यांदाच बोलले होते.

त्यांचं नाव माझ्यानंतर होतं. ते पुढे आले, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या बाईच्या घराले माहा विरोध नाई. पांदण माह्या बापाच्या वेळची. आम्ही तिच्यात कधी एक काटी रोवली नाई. समोरच्यांनी भिंती आनल्या. आता रस्ता मोठा करान तं ज्यानं खाल्ली नाई त्याचीच जागा जाईन. हे बरोबर हाय का, तेवढं सांगा."

साहेबांनी हे एकदाच ऐकलं. पुन्हा सांगा म्हणाले नाहीत. बराच वेळ लिहीत राहिले.

मी बाजूला उभी होते. तो माणूस खरं बोलत होता. माझ्या अर्जात ही गोष्ट नव्हती. मला ती दिसली होती, पण समोरच्या घरांत माझेच मतदार राहत होते आणि मी ती लिहिली नव्हती.

समिती दुसऱ्या दिवशी जागेवर आली. साहेब काठी टेकत पूर्ण पांदण चालले. समोरच्या घरांचे पुढे आलेले ओटे आणि संडास त्यांनी मोजायला लावले. अहवाल आला तेव्हा रस्ता बारा मीटरचा नऊ झाला होता आणि पांदणीवरून वळला होता. समोरच्या ओट्यांपैकी काही काढावे लागणार होते. भिंती राहिल्या. भासऱ्यांच्या वाडीचा एक पट्टा गेला, त्यात शेवगा आणि वालाचा सगळा वाफा. विहीर थोडक्यात वाचली. मावशीचं घर जसंच्या तसं.

सभेत अहवाल मंजुरीला आला त्या दिवशी मी नकाशाजवळ इतका वेळ उभी राहिले की किराणावाले सदस्य म्हणाले, "मॅडम, अब तो बैठ जाइए." मी बसले आणि हात वर केला. समाधान वाटलं असं म्हणता येणार नाही. ज्यांचे ओटे जाणार होते त्यांच्यातल्या एकीनं माझ्याकडे शिवायला दिलेलं कापड तसंच परत नेलं.

मावशी दुसऱ्या दिवशी आली. दारातूनच म्हणाली, "तुह्या भासऱ्याकडे जाऊन आली मी."

"कायले?"

"सांगाले. त्याची जागा गेली ना माह्यापायी. तोंड त दाखवा लागते." मग म्हणाली, "चहा पाजला त्यानं. तुह्याबद्दल काही नाई बोलला."

ते माझ्याबद्दल वर्षभर काही बोलले नाहीत. सणाला आम्ही जात होतो, जाऊ ताट वाढत होती, पण ते बाहेर ओसरीवर जेवत. नवरा एकदा त्यांना समजवायला निघाला तर मीच अडवलं. त्यांचा राग खोटा नव्हता. तो उतरायला त्याचा वेळ लागणार होता.

आराखडा वर मंजूर होऊन यायला बराच काळ गेला. तोवर माझी मुदत संपत आली होती, आणि पुढच्या वेळी आमच्या प्रभागाचं आरक्षण बदलल्यानं माझ्या पुन्हा उभं राहण्याचा प्रश्नच मिटला. एका संध्याकाळी मी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. फाटक वाजलं. भासरे उभे होते. मी घाईनं पदर सावरला आणि मुलीला हाक मारायला वळले, की मोठे बाबा आलेत, पाणी दे. ते म्हणाले, "तिले नको बोलावू. तुलेच सांगाचं हाय."

मी थांबले.

"उद्या मोजनीवाले येऊन राहिले वाडीत. तू ये. तुले त्यांचा नकाशा समजते."

सकाळी मी गेले. काकाही टेप घेऊन आले होते, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मोजणीवाल्यांनी खुणा केल्या. भासऱ्यांनी मला प्रत्येक खुणेपाशी विचारलं, "हितूनच?" आणि मी कागद पाहून सांगितलं, "इथूनच." एका ठिकाणी खूण हातभर आत गेली होती. मी ते मोजणीवाल्याला दाखवलं. त्यानं पुन्हा मोजलं आणि खूण मागे घेतली. हातभरच, पण विहिरीच्या बाजूची.

मोजणीवाले गेल्यावर भासऱ्यांनी पक्कड आणली आणि जुन्या कुंपणाची तार स्वतःच सोडवायला लागले. मी दुसरं टोक धरलं. तार गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "तुनं सभेत माहं नाव सांगितलं, त्याचा राग नाई आला मले. समोरच्यांचं नाई सांगितलं, त्याचा आला."

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"हो, चुकलंच," ते म्हणाले आणि तारेचं वेटोळं विहिरीच्या काठाशी नेऊन ठेवलं.

आता रस्त्यावर मुरूम पडला आहे, डांबर अजून नाही. वळणापाशी ट्रॅक्टरवाले हळू होतात आणि काही बडबडतात. मावशीची भट्टी चालू आहे. भासऱ्यांनी नव्या हद्दीच्या आत वांग्याची रोपं लावली आहेत. परवा मी बाजारातून त्याच वाटेनं येत होते. ते वाकून रोपांना पाणी घालत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "तिकडून जा, हितं चिखल झाला."

मी तिकडून गेले.